नवरा फडात, निर्णय घरात: एका ऊसतोड कुटुंबातल्या बाळंतपणाची केस

ही केस बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आहे. बाईला विचारून, तिनं हो म्हटल्यावरच लिहितोय, पण तिला कुणी ओळखू नये म्हणून गाव, वर्ष, दवाखान्यांची नावं काहीच देत नाही. मी आरोग्य सेवक आहे, म्हणजे उपकेंद्रातला पुरुष कर्मचारी. आमच्यात कामाची वाटणी ठरलेली असते. गरोदर बाया, लसीकरण, बाळंतपण सगळं सिस्टरकडं, आणि डास, पाण्याचे नमुने, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, टीबीच्या तपासणीचे थुंकीचे डबे माझ्याकडं. गरोदर मातांच्या रजिस्टरला माझा हात क्वचितच लागतो. पण गावातले पुरुष जर आरोग्य खात्यातल्या कुणाशी मोकळं बोलत असतील तर ते माझ्याशी बोलतात, आणि या केसमध्ये त्याचाच उपयोग झाला.

बाईचं वय २२. लग्न झालं तेव्हा अठराची नव्हती. यात ती एकटी नाही, एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी) मध्ये बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. पहिली मुलगी चार वर्षांची, दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात उसाच्या फडातच गर्भपात झाला, आणि ही तिसरी खेप. घरात सासू, सासरे, नवरा, एक दीर. जमीन आहे पण कोरडवाहू, खरिपाला थोडा कापूस थोडं सोयाबीन, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, ते पार मार्च एप्रिलपर्यंत.

ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, कारण त्याशिवाय नवऱ्याची गोष्ट कळणार नाही. मुकादम (टोळी जमवणारा) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती एकट्या माणसाला देत नाही, जोडीला देतो. नवरा बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत नेऊन भरते. एकटा गेला तर तो अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, त्याचे पैसे उचलेत चढतात. आणि ही उचल जून जुलैतच घेतलेली असते, घेणारा नवरा, अंगठा किंवा सही नवऱ्याची. म्हणजे बायकोची पुढच्या सहा महिन्यांची मेहनत नवऱ्यानं जुलैतच आगाऊ विकलेली असते, आणि तेव्हा ती गरोदर आहे की नाही हे बऱ्याचदा तिलाही पक्कं माहीत नसतं. या घरात तसंच झालं. एक लाखाची उचल घेऊन झाली होती, त्यातली बरीचशी मागच्या वर्षीच्या कर्जात आणि कोरड्या गेलेल्या बोअरमध्ये संपलीही होती, आणि ऑगस्टमध्ये ती उपकेंद्रात नाव नोंदवायला आली.

तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ होतं. सिस्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं, दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे नेहमीप्रमाणं सांगितलं. ९ सप्टेंबरला (दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते) ते ७.६ वर आलं. गोळ्या तर नियमित नेत होती. शेवटी आशाताई घरी गेली तेव्हा गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली जशीच्या तशी सापडली. गोळी खाल्ली की मळमळायचं, संडास काळी व्हायची, पोट साफ व्हायचं नाही, आणि सासू म्हणायची गोळ्यांनी बाळ मोठं होतंय मग पोट फाडावं लागतंय. हे सगळं ती कुणाला बोलली नव्हती कारण कुणी विचारलंच नव्हतं, आम्ही फक्त गोळ्या संपल्या का एवढंच विचारत होतो.

९ ऑक्टोबरला ६.८. गरोदरपणात ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, इथं नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. डॉक्टरांनी ग्रामीण रुग्णालयात आयर्न सुक्रोजची सलाईन लिहून दिली, एक दिवसाआड, एकूण पाच. त्यावर तिचं उत्तर होतं, "घरी विचारून सांगते."

हे वाक्य आमच्या भागातल्या प्रत्येक सिस्टरनं हजारदा ऐकलेलं आहे. या घरात त्याचं पुढं काय झालं ते आम्ही नीट बघितलं. तिनं सासूला विचारलं. सासू म्हणाली मामाला विचार. सासरे म्हणाले त्याच्या बायकोचं त्याला विचारा. नवरा म्हणाला आई काय म्हणतीय ते बघ. आठवडा गेला. कुणी नाही म्हटलं नव्हतं आणि कुणी जा पण म्हटलं नव्हतं. आपण पितृसत्ता म्हटलं की काठी घेऊन दारात उभा असलेला पुरुष डोळ्यासमोर आणतो, पण मला कामात जास्त करून जे दिसतं ते हे असतं, परवानगी देणारा म्हणून तिघांचा मान आहे पण जबाबदारी एकाचीही नाही, आणि जिच्या अंगातलं रक्त कमी होतंय तिला त्या तिघांच्या मागं फिरावं लागतं.

नवऱ्याशी बोलायचं, पण आधी तिला विचारून

सिस्टर म्हणाली, त्याच्याशी तुम्ही बोला, माझ्यासमोर तो मान वर करत नाही. मी तयार होतो पण आधी तिला विचारायचं ठरलं. ही पायरी लोक गाळतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाईनं सिस्टरला विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी परस्पर नवऱ्याच्या कानावर घालणं म्हणजे मदत नव्हे, चहाडी आहे, आणि काही घरांत त्यापायी मार बसतो. सिस्टरनं तिला एकटीला गाठून विचारलं की नवऱ्याला काय सांगू, काय नको, घरात हात उगारतो का. ती म्हणाली, "मारत नाहीत. रक्त कमी झालंय ते सांगा. पण आत्याच्या (सासूच्या) पुढ्यात नका सांगू, त्यांना वाटंल मी काम चुकवायला सांगायला लावलं." आणि आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, की हे मूल झाल्यावर तिला थांबायचंय. ती मात्र सांगू नका म्हणाली. ती आम्ही सांगितली नाही.

नवरा २६ वर्षांचा. संध्याकाळी टपरीवर असतो. मी तिथं विषय काढला नाही, दोस्तांसमोर काढलाच नसता. चालता चालता म्हटलं, उपकेंद्रात ये उद्या, तुझं रक्त तपासू, फडावर जायच्या आधी बघून घे. तर म्हणाला, "मला काय झालंय?" म्हटलं काही नसंल तर चांगलंच आहे.

आला. बोटाला सुई टोचली, मशीनवर आकडा आला १४.२. मग त्याच्या समोर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं आणि तिचे तीन आकडे दाखवले, ८.२, ७.६, ६.८. पुरुषाचं मुळात बाईपेक्षा थोडं जास्त असतं हेही सांगितलं, खोटी भीती घालायची नव्हती, पण तिचं निदान ११ तरी पाहिजे होतं. तो कार्डाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "एकाच घरात खातोय की आम्ही." एकाच घरात खाता पण केव्हा खाता, हे मी विचारलं. मग त्याच्याच तोंडून आलं, आधी मामा आणि तो, मग दीर आणि पोरगी, मग सासू, आणि ती शेवटी, तेव्हा भाकरी असते पण कालवण तळाला गेलेलं असतं. अंडी आणली तर कुणाच्या ताटात जातात हेही त्यानंच सांगितलं. मला भाषण करावं लागलं नाही.

पुढचं मी सरळ सांगितलं. बाळंतपणात थोडंफार रक्त प्रत्येकीचं जातं, पण जिच्या अंगात आधीच निम्मं आहे तिला तेवढंही झेपत नाही, दुसरी बाई ज्यातून उठून बसते त्यात ही जाऊ शकते. तो गप्प होता. मग जे बोलला ते तसंच लिहितो: "साहेब, मला आजपर्यंत कुणी सांगितलंच नाही. दवाखान्यात गेलं की बाहेर थांबा म्हणतात, आन् सही पाहिजे असली की आत बोलावतात."

यात त्याची चूक किती आणि आमची किती याचा मी बराच विचार केलाय. चार वर्षं बाप असलेला माणूस बायकोच्या तपासणीला एकदाही आत आलेला नाही. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं, म्हणजे तेव्हा तर त्यानं काही बघितलंच नाही, बारशाला गेला. ही माहेरपणाची रीत बाईला विसावा देते, तिच्या आईच्या हातचं मिळतं, मी तिच्या विरोधात नाही. पण त्यानं बाळंतपण म्हणजे दुसऱ्याच्या घरी घडणारी गोष्ट हे नवऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

सलाईनचे दिवस

पाच सलाईन म्हणजे पाच फेऱ्या, आणि ऑक्टोबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. सासूचा राग तिथं होता. नवऱ्यानं मोटारसायकलवर नेलं, खड्ड्यांचा रस्ता म्हणून एक दोनदा जीपनं. सकाळी पाणी त्यानं भरलं, पोरीची वेणी घालून अंगणवाडीत सोडली. गावात चर्चा झाली, बायकोच्या ताटाखालचं मांजर झालंय म्हणून टपरीवर टोमणे बसले, आणि त्याला ते लागले, मला येऊन सांगितलं त्यानं. पण खरा त्रास तिला झाला. पाणी भरणाऱ्या नवऱ्याला बाहेर हसतात, घरात मात्र सासू बोलणार ती सुनेला, की तूच शिकवलंस. पुरुषांना घरकामात मदत करा सांगणाऱ्या लोकांनी हे लक्षात ठेवायला पाहिजे, त्याच्या बदलण्याची किंमत पहिल्यांदा तिच्याकडून वसूल होते.

म्हणून मग सासूकडं सिस्टर गेली. ही मावशी, म्हणजे सासू, वाईट नाही. तिचं स्वतःचं एक बाळंतपण फडावरच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) झालेलं, दोन दिवसांनी मोळ्या बांधायला गेली होती. नंतर अंगावरून जायचं, पोट दुखायचं, खाडे पडायचे, म्हणून तिशी संपायच्या आत पिशवी काढून आली. २०१९ मध्ये बीडचा हा विषय गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मावशी त्यातल्याच पिढीची. तिचं म्हणणं एकच होतं, "आम्हाला कुणी सलाईन लावली व्हती?" सिस्टरनं वाद घातला नाही. म्हणाली, नव्हती लावली, लावायला पाहिजे होती. त्यानंतर मावशी थोडी मऊ झाली, पूर्ण नाही.

उचलीचं काय

आता मोठा प्रश्न. दिवाळीनंतर टोळी निघणार, तेव्हा तिला सहावा महिना असणार आणि तारीख फेब्रुवारीच्या शेवटची, म्हणजे ऐन हंगामात. नेलं तर कोपीत राहणं, पहाटे फडात, डोक्यावर मोळ्या, आणि आधीचा गर्भपात तिथंच झालेला. माहेरी पाठवावं तर तिचे आईबापही ऊसतोडीला, माहेरच्या दाराला कुलूप. उरलं सासरी थांबणं. पण ती थांबली तर तो अर्धा कोयता, आणि अर्धी उचल परत कुठून देणार.

आम्ही इथं काही सुचवू शकलो नाही, खरं सांगतो. मार्ग नवऱ्यानं काढला. चुलतभावाची बायको त्या वर्षी घरी थांबणार होती, तोही अर्धाच होता, तर दोघं भाऊ मिळून एक कोयता म्हणून मुकादमाशी बोलले. मुकादम आधी ऐकेना, मोळी वाहायला बाईच लागते म्हणाला. मग काही रक्कम उचलेत वाढवून कबूल झाला, म्हणजे तोटा झालाच. नवऱ्याचं मातृआरोग्यातलं योगदान विचारलं तर मी पाणी भरण्याआधी हे सांगेन. त्याच्या हातात असलेला करार त्यानं बदलून घेतला. ते सिस्टर करू शकत नव्हती, आशाताई नाही, डॉक्टर नाही, आणि ती स्वतः तर नाहीच.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या ओसरीवर बसलो, घरातले सगळे, सिस्टर, आशाताई. काय काय करून ठेवायचं ते बोललो. बाळंतपण कुठं करायचं, रात्री गाडी कुणाची, १०८ नाही आली तर कुणाला फोन, रक्त लागलं तर त्याचे कोण दोस्त येतील, त्यांची नावं कार्डाच्या मागं लिहिली. घरातला एकमेव फोन त्याच्याकडं असायचा, त्यानं तिच्यासाठी साधा बटणाचा फोन घेतला. थोडे पैसे तिच्या हातात दिले, सासूच्या नाही, त्यावर जरा तणातणी झाली. लागणारा खर्च खूप नाही हेही मी सांगितलं, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, नेआण सगळं मोफत आहे, पण घर सोडताना हातात काही नसलं की पाय उचलत नाही.

आणि शेवटी मी त्याला एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलायला सांगितली, जी आधी तिच्याशी आणि त्याच्याशी वेगवेगळी बोलून घेतली होती. तो आईकडं बघून म्हणाला, "हिला काही झालं आन् ही म्हन्ली जायचंय, तर जायचं. माझ्या फोनची वाट बघायची नाही. मामा, तुमची बी नाही." आमच्याकडं वडिलांनाही मामा म्हणणारी घरं आहेत. सासरे काही बोलले नाहीत, पण हरकतही घेतली नाही, आणि अशा घरात म्हातारा गप्प बसला म्हणजे मान्य आहे असं सगळे धरतात.

माझं या केसमधलं मुख्य म्हणणं ह्या एका वाक्याभोवती आहे. १९९४ मध्ये मातामृत्यूबद्दल तीन उशिरांची मांडणी आली, निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. रस्ते झाले, १०८ आली, दवाखाने बरे झाले, दुसरा तिसरा उशीर बऱ्याच ठिकाणी कमी झालाय. पहिला मात्र घरात होतो, तिथं सरकारी गाडी पोचत नाही. आणि तो कमी करायचा तर नवऱ्यानं दर वेळी लवकर परवानगी द्यावी एवढं पुरत नाही, कारण तो फडात असतो, झोपलेला असतो, फोनला रेंज नसते, कधी प्यायलेला असतो. परवानगीची गरजच त्यानं आधी संपवून ठेवली पाहिजे.

जानेवारीची रात्र

नोव्हेंबरच्या मध्याला हिमोग्लोबिन ८.९ झालं, ९ जानेवारीला १०.१. बीपी तोपर्यंत बरं होतं, जानेवारीत १३०/८४ आलं म्हणून सिस्टरनं दर आठवड्याला बघायचं ठरवलं. महिनाअखेरीला, ३६ वा आठवडा सुरू असताना, संध्याकाळपासून तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी, हातापायाला आणि तोंडाला सूज. सासू म्हणाली दृष्ट लागली असंल, मीठ मोहऱ्या उतरवते, सकाळी बघू. तिनं स्वतःच आशाताईला फोन लावला. सिस्टरनं येऊन बीपी बघितलं तर १६०/११०. कुठल्याही क्षणी झटके येऊ शकतात असा आकडा.

सासरे म्हणाले आधी त्याला विचारा. फोन लावला, लागत नव्हता. नंतर कळलं तो तेव्हा ट्रक भरत होता. आणि तेव्हा ती उठून उभी राहिली, म्हणाली, "त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलंय. मी चालले." चप्पल घातली आणि १०८ यायच्या आधीच रस्त्यावर येऊन थांबली. सासूही मग पिशवी घेऊन मागं आली, हे तिच्या बाजूनं लिहायलाच पाहिजे.

ग्रामीण रुग्णालयात बीपीचं औषध आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढं पाठवलं. मोठ्या दवाखान्यात सिझर ठरलं आणि तिथं कुणीतरी म्हणालं नवऱ्याला बोलवा, सही लागेल. सासू घाबरली, सिस्टरला फोन आला. सिस्टरनं ड्युटीवरच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि अडलं नाही, कारण अडायचं कारणच नाही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची सही तिच्या ऑपरेशनला पुरते. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही, नसबंदीलाही लागत नाही. सवयीनं मात्र सगळीकडं नवऱ्याची सही मागतात, आणि घरात मोठ्या कष्टानं जो निर्णय तिच्या हातात आणला तो दवाखान्याच्या दारात परत तिच्या हातातून काढून घेतला जातो. त्यांना भांडणाची भीती असते हे मला कळतं, पण मग सही तिची घ्या आणि माहिती नवऱ्याला द्या.

मुलगी झाली, वजन २.१ किलो. रक्तस्राव थोडा जास्त झाला, दोन बाटल्या रक्त लागलं, कार्डामागच्या यादीतले दोघं पहाटे येऊन देऊन गेले. जे हिमोग्लोबिन ऑक्टोबरात ६.८ होतं ते तसंच राहिलं असतं तर त्या रात्री काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही.

तो दुसऱ्या दिवशी रात्री पोचला, खाडा घेऊन. बाळ काचेच्या खोलीतून बाहेर आल्यावर तिथल्या सिस्टरनी आईला कांगारू पद्धत शिकवली, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची. टाके दुखत होते, तिला फार वेळ बसवत नव्हतं. बापानंही धरलं तरी चालतं म्हटल्यावर त्यानं सदरा काढला आणि धरलं. वॉर्डातल्या बायका बघायला लागल्या तर चादर ओढून भिंतीकडं तोंड करून बसला, पण उठला नाही.

जे झालं नाही

आता दुसरी बाजू. आठवडाभरानं तो परत गेला, जावंच लागलं. उचल फिटली नाही, पुढच्या हंगामावर चढली. दुसरीही मुलगीच, त्यामुळं बाराव्या दिवसापासून घरात मुलाचा विषय सुरू झाला आणि त्यात तो आईच्या विरोधात ठामपणे बोलला नाही. तिनं सिझरच्या वेळीच तांबी (कॉपर-टी) बसवून घेतली होती, स्वतःच्या संमतीनं, आणि नवऱ्याला हे तिनंच नंतर सांगितलं. दोन दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. मी त्याच्याकडं नसबंदीचा विषय काढला, बिनटाक्याची असते, थोड्या वेळात होते, एक आठवड्यानं जड काम करता येतं. म्हणाला फडात वजन उचलायचं असतं, ताकद जाईल. समजावलं, पटलं नाही. एनएफएचएस-५ मध्ये देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती आणि पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के, म्हणजे बायकोला दवाखान्यात नेणारा नवरा आणि स्वतःच्या अंगावर काही घेणारा नवरा यात अजून फार अंतर आहे. या माणसानं खूप केलं म्हणून त्याला मी पुढं सगळीकडं उदाहरण म्हणून मिरवणार नाही, तोही अर्ध्या वाटेवर आहे.

एक धोका मात्र वेगळा सांगायला हवा. नवऱ्यांना सामील करा असं सगळे म्हणायला लागले की त्याचं पटकन नियमात रूपांतर होतं. पूर्व आफ्रिकेत काही ठिकाणी तपासणीला नवरा बरोबर आणाच असा आग्रह झाला, आणि जिला नवरा नव्हता, जिचा येत नव्हता, तिला गावच्या अधिकाऱ्याची चिठ्ठी आणायला लावली, मागं ठेवलं किंवा परत पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये पुरुषांच्या सहभागाची शिफारस केली तीही अट घालून, की बाईची निवड आणि तिचा निर्णयाचा हक्क राखला जात असेल तरच. काठमांडूमध्ये एक चांगला प्रयोग झाला होता, २००७ मध्ये छापून आला. काही गरोदर बायकांना एकटीला माहिती दिली, काहींना नवऱ्यासोबत. नवऱ्यासोबत ऐकलेल्यांनी बाळंतपणाची तयारी जास्त केली, बाळंतपणानंतरच्या तपासणीलाही जास्त आल्या, पण दवाखान्यात बाळंतपण होण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. मला हे अनुभवाशी जुळतं. नवरा तयारी सुधारतो. मुकादम, कर्ज, कोपी, रात्री भूलतज्ज्ञ नसणं, हे त्याच्या समजूतदारपणानं सुटत नाही, त्याला दुसऱ्या कुणीतरी उत्तर द्यायचं असतं.

आमच्या उपकेंद्रात यानंतर काही गोष्टी बदलल्या. सिस्टर पहिल्या तपासणीतच बाईला एकटीला विचारते की तुझ्या तब्येतीचं घरात कुणाला सांगू, आणि ती ज्याचं नाव घेईल ते कार्डावर लिहिते, कधी नवरा, कधी नणंद, एकीनं शेजारणीचं सांगितलं. ९ तारखेला जे नवरे येतात त्यांचं हिमोग्लोबिन मी तपासतो आणि दोघांचे आकडे दोघांना एकत्र दाखवतो, बाई हो म्हणाली तरच. टोळ्या निघायच्या आधी, ज्या घरात गरोदर बाई आहे तिथं ओसरीवर बसतो. सगळीकडं जमत नाही, एका घरात तर मला उठून जा म्हणाले.

या घरातली मुलगी आता चालते. जुलैत मुकादम आला तेव्हा उचल जोडीचीच घेतली, म्हणजे या दिवाळीनंतर ती परत फडात जाणार आहे, दोन्ही पोरींना घेऊन. तिचं हिमोग्लोबिन ११.३ आहे, तांबी आहे, लसीकरण वेळेवर झालंय. जिथं जाणार तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टरचा नंबर आम्ही शोधून तिच्या फोनमध्ये टाकून दिलाय, आणि यंदा निघायच्या आधी ती स्वतःच म्हणाली की ओसरीवर परत एकदा बसू, मला काही गोष्टी आधी ठरवून घ्यायच्या आहेत.